अपडेटनंतर फोन मुका झाला, चार्जिंगही घेईना, आणि आंब्याचा सीझन भरात

कोकमवाली – १९ एप्रिल, रात्री ११.१०

नमस्कार मंडळी. जुने धागे चाळले, पण नेमकं माझं दुखणं कुठे सापडलं नाही, म्हणून नवा धागा काढते. लांबलाय, सांभाळून घ्या.

आम्ही देवगड तालुक्यातले. कलमं सासऱ्यांची. आंबा काढणं, आढी लावणं (म्हणजे आंबे पेंढ्यात पिकत घालणं), पेट्या भरणं हे घरातली पुरुषमंडळी आणि गडी बघतात. ऑर्डरी, पत्ते, पैसे आले की नाही, कुठली पेटी कुठल्या गाडीत चढली, हे सगळं माझ्याकडे. आणि माझ्याकडे म्हणजे एका फोनात. अँड्रॉइड, मधल्या किमतीचा, अडीच वर्षं वापरलेला. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर ही कंपनी चांगली की ती यावरच पन्नास प्रतिसाद पडतील.

चार दिवस अपडेट मागे लागलं होतं आणि मी "आत्ता नको" करत होते. मंगळवारी रात्री पेंढा झटकून हात धुतले, फोन चार्जिंगला लावला आणि अर्ध्या झोपेत "रात्री करा" वर बोट पडलं. त्यानं शब्द पाळला. सकाळी साडेपाचला बघते तर घड्याळाचे आकडे जाडजूड, बटणं गोल, रंग बदललेले. तेवढंच असतं तर सवय झाली असती.

व्हॉट्सॲप वाजेनासं झालंय. मेसेज येतात, पण मी उघडल्यावर, ढिगानं. बुधवारी दुपारी जेवून उघडलं तर एकदम ४७. त्यात पुण्याच्या एका काकांचे ओळीनं सहा. "पेटी निघाली का?" पासून सुरुवात आणि शेवटी नुसतंच "?". पेटी सकाळीच ट्रॅव्हल्सच्या डिकीत गेली होती, पण त्यांना ते कोण सांगणार? दादरच्या एका ताईंनी उत्तर आलं नाही म्हणून दुसरीकडून आंबा घेतला. तशा गोड शब्दांत कळवलंनी, पण घेतला तो घेतलाच.

बॅटरी आधी संध्याकाळपर्यंत जायची, आता दुपारी मान टाकते. फोन तापतो, एवढा की खिशातून मांडीला चटका लागतो.

आणि तिसरं, ज्यानं मी रडकुंडीला आलेय. केबल लावली की पिवळा त्रिकोण येतो, "पोर्टमध्ये ओलावा आढळला", आणि चार्जिंग बंद. फोन पाण्यात पडलेला नाही, पावसात भिजलेला नाही. पुसला, उलटा ठेवला, सासूबाईंच्या सांगण्यावरून रात्रभर उकड्या तांदळाच्या डब्यात पुरला. सकाळी त्रिकोण तसाच, वर भोकात कोंडा. दिवसातून कधीतरी तासभर चार्जिंग घेतो, मग परत रुसतो. हे सगळं अपडेटच्या दुसऱ्या दिवसापासून.

एका दुकानात दाखवला. त्यानं केबल लावली, काढली आणि म्हणाला, "अपडेटनं बोर्ड गेला, साडेचार हजार." फोन उघडलासुद्धा नाही.

जावेचा मुलगा बारावीला आहे, तो म्हणतो, "काकी, फॅक्टरी रिसेट मार, सगळं साफ." मला त्या "साफ" चीच धास्ती आहे. तीन वर्षांच्या गिऱ्हाइकांचे पत्ते व्हॉट्सॲपच्या गप्पांमध्ये आहेत. कोणाला कच्चा लागतो, कोणाला दोन दिवसांत खायला तयार, कोणाची इमारत कुठल्या गल्लीत, सगळं त्यातच. वहीत एक ओळ नाही. चूक माझीच.

तर, जुनं सॉफ्टवेअर परत आणता येतं का? आणि रिसेट न मारता यातून सुटका आहे का? सीझन मेअखेरपर्यंत आहे, त्यानंतर फोन समुद्रात टाकायलाही माझी तयारी आहे.

---

बंड्या_रत्नांग्री – १९ एप्रिल, रात्री ११.३२

रिसेट मारा. माझा मारला, लोण्यासारखा चालतो.

---

माडाखाली – १९ एप्रिल, रात्री ११.५०

माझ्या फोनाचा पण असांच झालां. अपडेट झाला आणि अलार्म वाजाचो बंद. सकाळची होडी चुकली. घरकारनीन विचारल्यान, "फोन झोपललो काय तू?" उपाय माका ठावक नाय, हयसर बसान वाचतंय.

---

घाटावरचा_कोकणी – २० एप्रिल, सकाळी ७.१५

ताई, मी पुण्यात सॉफ्टवेअर तपासणीच्या कामात आहे. आई गुहागरला असते आणि तिच्या फोनाचं असलं दुखणं दर वर्षी फोनवरूनच निस्तरतो, त्यामुळे सराव आहे.

आधी रिसेटचं. बंड्याशेठ, तुमच्या फोनात बहुतेक फोटो आणि शुभप्रभात असणार. ताईंच्या फोनात दुकान आहे. रिसेट मारला की व्हॉट्सॲपचं शेवटचं बॅकअप असेल तिथवरच्याच गप्पा परत येतात. पैशाची ॲप पुन्हा सिमवरून पडताळून जोडावी लागतात, आणि नव्यानं जोडल्यावर पहिले चोवीस तास पैसे पाठवायची मर्यादा कमी असते. गाडीवाल्याला भाडं, गड्यांचा पगार असं काही त्याच दिवशी असेल तर पंचाईत. भर सीझनात रिसेट नको.

जुन्या सॉफ्टवेअरवर जायचा नादही सोडा. बहुतेक कंपन्या ती वाट बंदच ठेवतात, आणि जिथे उघडी असते तिथेही जाताना फोन आधी कोरा होतो. म्हणजे पुन्हा तेच.

आता मेसेज. नवं सॉफ्टवेअर आलं की फोनाच्या बॅटरी वाचवायच्या सवयी पुष्कळदा मूळपदावर जातात. तुम्ही अर्धा तास व्हॉट्सॲप उघडलं नाही की फोन समजतो, बाईंना याची गरज नाही, आणि त्याला झोपवून टाकतो. मग तुम्ही उघडलंत की सगळे मेसेज एकदम धावत येतात. सेटिंग्जमध्ये ॲप्स, त्यात व्हॉट्सॲप, त्यात बॅटरी, तिथे "अनरिस्ट्रिक्टेड" किंवा "निर्बंध नाही" असं काही असेल ते निवडा. काही कंपन्यांची "स्लीपिंग ॲप्स" किंवा "ऑटोस्टार्ट" अशी स्वतःची आणखी एक यादी असते, बहुधा बॅटरीच्या पानावरच. तिथूनही व्हॉट्सॲप सोडवा. दोन कुलपं असतात, लोक एक उघडतात आणि उपाय लागू पडला नाही म्हणून ओरडतात. माडाखाली, तुमच्या घड्याळाच्या ॲपचंही हेच करून बघा.

तापण्याचं कारण गमतीचं आहे. अपडेटनंतर फोन प्रत्येक ॲप नव्या सॉफ्टवेअरसाठी आतल्या आत पुन्हा जुळवून घेतो, फोटोंची यादी नव्यानं लावतो. हे दोनतीन दिवसांचं काम, आणि फोन ते शक्यतो रात्री, चार्जिंगला लावून आपण झोपलेले असताना करतो. तुमचा फोन चार्जिंगच घेत नाहीये. म्हणजे कामं तुंबून राहतात. माझा अंदाज असा की तुमची दोन दुखणी एकमेकांना पोसतायत. चार्जिंगचं मिटलं की तापणंही बरंच उतरेल.

एक राहिलं. गावात फाइव्ह जीची एखादीच कांडी येत-जात असेल तर नेटवर्कच्या सेटिंगमध्ये फोर जी करून ठेवा. अपडेटनंतर ते आपोआप फाइव्ह जीवर गेलेलं मी दोन फोनांत पाहिलंय. आमच्या आईचं घर खाडीच्या उतारावर आहे, तिथे फोन दिवसभर टॉवर शोधत बसायचा आणि बॅटरी त्यातच संपायची.

पोर्टबद्दल मी बोलत नाही, तो माझा प्रांत नाही.

---

निवृत्त_मास्तर – २० एप्रिल, सकाळी ९.०२

आमच्या दापोलीत अपडेट हा शब्द निघाला की लोक हात जोडतात. मी गेली सहा वर्षं एकही केलेलं नाही, माझा फोन ठणठणीत आहे.

---

घाटावरचा_कोकणी – २० एप्रिल, सकाळी ९.४०

मास्तर, आदर राखून सांगतो, ज्या फोनात पेन्शनचं खातं आहे तो सहा वर्षं अपडेट न करणं म्हणजे दाराची कडी मोडलीय आणि अजून कोणी आलं नाही म्हणून खूश राहणं. दर महिन्याच्या सुरक्षा दुरुस्त्यांमध्ये अशाच मोडक्या कड्या दुरुस्त केलेल्या असतात. सरकारची सर्ट-इन ही संस्था अँड्रॉइडबद्दल वरचेवर सूचना काढते, त्या एकदा वाचा. फक्त मोठं अपडेट आलं की आठवडाभर थांबावं आणि कामाच्या घाईत करू नये, एवढं तुमचं म्हणणं असेल तर मी तुमच्या बाजूनं.

---

सोल्डरदादा – २० एप्रिल, दुपारी २.२०

मालवणात मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे माझं, बटणांच्या फोनांपासून हेच करतोय. ताई, साडेचार हजार कोणाला देऊ नका. फोन न उघडता बोर्ड गेला म्हणणारा माणूस ज्योतिषी असला पाहिजे.

आपल्या पट्ट्यात वर्षाला किती पोर्ट येतात विचारू नका. घाटावर पोर्ट मोडतात, आपल्याकडे कुजतात. वाऱ्याबरोबर समुद्राचं मीठ येतं, अगदी बारीक, डोळ्यांना दिसत नाही. खिडकीचे गज, पंख्याची पाती, गाडीचा सायलेन्सर खातं ते हेच. टाइप-सी पोर्टात पिना २४, एकमेकींना खेटून. त्यांच्यावर मिठाचा थर बसला की झालं. स्वयंपाकघरातली मिठाची बरणी पावसाळ्यात पाझरते ना? हवेतला दमटपणा साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेला की मीठ हवेतलं पाणी स्वतःच ओढून घेतं. आपल्याकडे एप्रिलच्या पहाटेलाही तेवढा दमटपणा असतो. म्हणजे फोन पाण्यात पडायची गरजच नाही, पोर्टात रोज पहाटे थेंब तयार. तुमचा फोन दिवसातून तासभर चार्जिंग घेतो म्हणता, तो तास दुपारचा असतो का बघा. असला तर शंभर टक्के हेच.

मग अपडेटच्या दुसऱ्याच दिवशी कसं? फोन दोन पिनांमधून वीज झिरपते का ते तपासतो आणि झिरपली तर ओलावा आहे म्हणतो. ही तपासणी सॉफ्टवेअर करतं, अपडेटमध्ये ती कधीकधी कडक होते. आधी तुमचा फोन हळूहळू चार्ज होत होता का? केबल वाकडी धरावी लागत होती का? आठवून बघा. गिऱ्हाईक आधी नाही म्हणतं, मग म्हणतं हो, दोन महिने तसं होतं.

घरी करायचं ते असं. फोन पूर्ण बंद करा. लाकडी टूथपिक सुरीनं चपटी तासा. सुई, टाचणी, केसांची पिन अजिबात नको, मधली जीभ मोडते. बॅटरीच्या उजेडात भिंतींच्या कडेनं हलक्या हातानं खरवडा, आत न दाबता. मग मऊ ब्रशावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन दोनदा फिरवा. सॅनिटायझर नको, त्यात चिकट जेल असतं. तासभर पंख्याखाली ठेवा, उन्हात नको. आणि तांदूळ विसरा. तांदळानं ओल जात नाही, पीठ आणि कोंडा मात्र आत जातो. ॲपलनंसुद्धा २०२४ मध्ये आपल्या मदतीच्या पानावर तांदळात ठेवू नका असं लिहिलंय.

बॅटरीच्या उजेडात हिरवट काही दिसलं तर ते तांबं कुजलेलं. ते साफ करून आठ-दहा दिवस चालतं, परत येतं. मग पोर्ट बदलावा लागतो. पुष्कळ फोनांत तो छोट्या वेगळ्या पट्टीवर असतो, मुख्य बोर्डाला हात लावावा लागत नाही. काही शेकड्यांत काम होतं.

---

बंड्या_रत्नांग्री – २० एप्रिल, दुपारी ३.०५

दादा, माझा पण हल्ली वाकडा धरावा लागतो.

---

सोल्डरदादा – २० एप्रिल, दुपारी ३.१०

बघ. आणि तू रिसेट मारून लोण्यासारखा झाला म्हणत होतास.

---

कोकमवाली – २ मे, रात्री १०.४५

मंडळी, उशीर झाला, माफ करा. अक्षय्य तृतीयेच्या आसपास आमच्याकडे श्वास घ्यायला फुरसत नसते. पण धागा अर्धवट सोडून पळणाऱ्यांचा मलाच राग येतो, म्हणून सगळं सांगते.

घाटावरच्या भावोजींनी सांगितलेलं आधी केलं. दोन कुलपांचं अगदी खरं. पहिली यादी मी उघडली आणि काही फरक पडेना. दुसरी बॅटरीच्या पानावर अगदी तळाशी होती, "खोल झोपेतली ॲप्स" अशा नावाची. त्यात व्हॉट्सॲप, बँक आणि चक्क हवामानाचं ॲप निवांत झोपलेले. तिघांनाही उठवलं. मेसेज वेळेवर यायला लागले, पण वाजेनात! आता काय म्हणून डोकं धरून बसले. मग लक्षात आलं की गिऱ्हाइकांच्या मेसेजला मी वेगळा आवाज लावला होता, आमच्या कोंबड्याची बांग, आणि ती फाइल मेमरी कार्डावर. अपडेटनंतर त्या आवाजाची जागा रिकामी दिसत होती. म्हणजे फोन इमानदारीत वाजवत होता, काहीच नाही ते. फाइल फोनात घेतली, परत लावली. पहिल्यांदा बांग ऐकली तेव्हा खरा कोंबडा मागच्या पडवीतून ओरडला.

फोर जी केलं, त्यानं बॅटरीला बराच आधार मिळाला.

आता पोर्ट. दादा, तुमचा प्रतिसाद वाचून मी यजमानांना विचारलं, "आधी केबल वाकडी धरत होतो का आपण?" ते म्हणाले, "तूच नाही का चार्जरखाली काड्यापेटी ठेवायचीस?" ठेवायचे. होळीपासून. एवढी सवय झाली होती की ते बिघडलेलं आहे हेच डोक्यात नव्हतं, आणि सगळं पाप अपडेटच्या माथी मारलं. वेळेचंही तंतोतंत निघालं, चार्जिंग घ्यायचा तो दुपारी एक ते दोन.

रविवारी पडवीत बसले. यजमानांनी बॅटरी धरली, मी टूथपिक तासली. पहिल्या खरवड्यात राखाडी नमद्यासारखं काहीतरी वर आलं, कपड्याचा तंतू असावा. त्याला धरून ओढलं तर मागून पेंढ्याची काडी, नखाएवढी, पिवळीधमक. आढीतली! मी आढीवर फोन ठेवते, खरंय. त्यावर आंब्याचा चीक लागून काळा डाग, आणि त्या सगळ्याच्या मागे, अगदी आतल्या भिंतीशी, हिरवट-निळा ठिपका. मोरचुदाचा रंग. सासरे फवारणीला मोरचूद कालवायचे, तो रंग मी झोपेतही ओळखीन. मोहरीच्या दाण्याहून बारीक, पण होता.

अल्कोहोल मेडिकलात मिळालं नाही, कणकवलीहून येणाऱ्या भाच्यानं आणलं. दोनदा ब्रश फिरवला, पंख्याखाली ठेवला. त्रिकोण गेला! त्या रात्री फोन सकाळपर्यंत सुखानं चार्ज झाला, दुसऱ्या दिवसापासून तापणंही उतरलं. भावोजींचा अंदाज बरोबर निघाला. पाच दिवस मी त्याच्याकडे बाळंतिणीसारखं बघत होते. सहाव्या दिवशी पहाटे त्रिकोण परत आला, दादांनी सांगितलं होतं तसाच. मग मात्र वाट बघितली नाही. मालवण आम्हाला लांब पडतं, इथेच ओळखीच्या एका पोरानं समोर बसून फोन उघडला, पट्टी बदलली, ६५० रुपये घेतले आणि काढलेली पट्टी हातात दिली. हिरवा ठिपका तिच्यावर अजून दिसतो. देव्हाऱ्याच्या कपाटात ठेवलीय. जावेच्या मुलाला दाखवली, तो म्हणाला, "काकी, रिसेटनं हे गेलं नसतं ना?" नसतं रे बाबा.

पत्ते मात्र वहीत आणले. यजमान वाचायचे, मी लिहायचे, तीन रात्री. १८३ भरले. त्यात दोघे गिऱ्हाईक एकाच इमारतीतले निघाले, तीन वर्षं दोघांना वेगवेगळ्या दिवशी पेट्या पाठवत होतो. गप्पांचं बॅकअपही लावलंय, पण गूगलच्या १५ जीबीत ते मोजलं जातं, आणि माझी जागा आंब्यांच्या फोटोंनी आधीच भरलेली. फोटो उडवायला पाऊस पडेपर्यंत वेळ नाही.

फोन आता आढीवर ठेवत नाही. खुंटीला कापडी पिशवी टांगलीय, त्यात राहतो.

आणि पुण्याचे ते काका. परवा बांग ऐकू आली, पहिल्याच आरवण्याला धावले. मेसेज होता, "पेटी मिळाली. दोन आंब्यांत साका निघाला." (साका म्हणजे वरून चांगला दिसणारा आंबा आतून पांढुरका, खराब निघणं.) भावोजी, दादा, हे कुठल्या सेटिंगमध्ये जाऊन बंद करायचं तेवढं सांगा.